अरिहंतनं पाठवलेले दगड

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात, बाकाच्या बरोबर समोर, रोहिणीच्या धाकट्या भावानं, अरिहंतनं काढलेला फोटो टांगला होता. तिला आधी आनंदच झाला, गर्दीत आपल्या घरचं माणूस अवचित दिसल्यावर होतो तसा. हा इथं कसा आला, डॉक्टरांना कुणी दिला, असं काहीबाही मनात येईपर्यंत तिच्या तोंडावर हसूही आलं होतं, आणि गालाला रुमाल लावून शेजारी बसलेल्या बाईनं ते पाहून उगीच मान डोलावली. मग ते हसू तसंच तोंडावर राहिलं आणि रोहिणीला ते काढून कुठं ठेवावं कळेना. फोटो भिंतभर मोठा होता. दोन्ही अंगांना तांबड्या दगडाच्या भिंती, ओलं कापड पिळावं तशा वळलेल्या. मध्ये माणूस आडवा होऊन जेमतेम सरकेल एवढी फट, वरून तिरपा उतरलेला उजेडाचा पट्टा आणि त्यात तरंगणारी धूळ. डाव्या भिंतीला, चांगलं दोन पुरुष उंचीवर, पुराबरोबर वाहत येऊन अडकलेला वाळक्या काटक्यांचा एक गोळा. तो गोळा तिला पाठ होता. गेल्या दिवाळीत अरिहंतनं हा फोटो पाठवला तेव्हा तिनंच तो बोटांनी मोठा करून आईला दाखवला होता. "बघ आई, इथपर्यंत पाणी चढतं. वाळवंटात पाऊस पडत नाही, पण पडला की असा पडतो." त्यावर आई म्हणाली होती, "मग त्याला सांग, तिथं खाली उतरू नको म्हणावं." भिंतीवरच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत कुणा परक्या माणसाचं नाव होतं. अरिहंतच्या फोटोत तेवढा कोपरा कापलेला होता.

आतून आई आली. कवळीचं माप घ्यायचं होतं, आणि त्याआधी उरलेली एक दाढ काढली होती, म्हणून तोंडात कापूस. तिच्या मागोमाग डॉक्टर स्नेहल हातमोजे काढत बाहेर आल्या. "आजी, माप झकास आलंय. दिवाळीच्या आत दात बसवून देते. लेक यायच्या आत, काय?" आईनं कापसाआडून हुंकार भरला. पर्युषणाचे उपवास संपेपर्यंत तिनं दाताचं नाव काढू दिलं नव्हतं, आणि ते संपल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच चपला घालून दारात उभी राहिली होती. इतकी वर्षं दातांशिवाय भाकरी कुस्करून खाणारी आई, अरिहंत आल्यावर सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा म्हणून दात करून घेत होती. रोहिणीनं डॉक्टरांना विचारलं, "हा फोटो कुठला?" आपला आवाज असा बारीक का निघाला, हे तिचं तिलाच कळलं नाही. "हा होय? सजावटवाल्यानं लावलाय. अमेरिकेतला हाय म्हणं, ॲरिझोना का काय ते. पेशंटला बघून शांत वाटतंय म्हणतोय तो. मला तर कुणीतरी आ केल्यागत दिसतंय." डॉक्टर हसल्या. आईनं मान वर करून भिंतीकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं हे रोहिणीला नंतर आठवेना, कारण ती स्वतः त्या वेळी आईकडं बघायचं टाळत होती. मग आईनं नजर खाली घेतली आणि आपल्या चपला शोधायला लागली. तोंडात कापूस होता, बोलणं शक्यच नव्हतं. रोहिणीला त्या कापसाचे उपकार वाटले.

घरी रिक्षानं पाच मिनिटं लागत. त्या दिवशी जनता बझारच्या वळणावर गर्दी होती, आणि दोन इमारतींच्या मधल्या बोळातून रिक्षा काढताना रोहिणीला दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येताहेत असं वाटलं. वर पाहिलं तर आकाशाची निमुळती चीर, तिच्यात लोंबणाऱ्या केबलच्या वायरी आणि कुणाचंतरी वाळत घातलेलं धुणं. अरिहंत ह्या क्षणी कुठं आहे, हा प्रश्न तिला तोवर कधी पडलाच नव्हता. अरिहंत जॉर्डनला होता. गावी, कबनूरच्या चौकातल्या फलकावर तसं लिहिलेलं होतं. शेडमधले यंत्रमाग वडिलांच्या मागं एकेक करून निघाले, आणि मागावरचा सगळ्यांत चांगला हात असलेला अरिहंत दुसऱ्यांच्या शेडमध्ये माग दुरुस्त करत फिरायला लागला. मग कुणा एजंटाच्या ओळखीनं त्याला जॉर्डनमधल्या कापडाच्या कारखान्यात काम मिळालं. गल्लीतला पहिलाच पोरगा परदेशी निघालेला. मित्रांनी चौकात फलक लावला, त्याच्यावर अरिहंतचा गॉगल घातलेला फोटो आणि मागं विमान. बस्तीत, जैन देवळात, शाल, श्रीफळ झालं. बस सुटताना तो खिडकीतून म्हणाला होता, "अक्का, आईला तुझ्याकडं ने. हितं एकटी ठेवू नको." तेवढंच. तो फलक पुढं कितीतरी दिवस उन्हात विरत गेला. आधी विमान गेलं, मग गॉगल गेला आणि शेवटी नुसती निळसर हनुवटी राहिली. रोहिणी आईला राजारामपुरीत घेऊन आली, स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये भूगोल शिकवत राहिली. आई, ती आणि अरिहंत एवढ्या तिघांचाच एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्याला अरिहंतनंच 'घर' असं नाव दिलं होतं, आणि त्या घरात अधूनमधून एक तांबडा दगड येऊन पडायचा. 'सुट्टीला गेलतो. दोन तासावर हाय.' 'आज ह्या बाजूला गेलतो.' तो स्वतः कधी फोटोत नसायचा. विचारलं की म्हणायचा, "मी कशाला पायजे त्यात? माझं तोंड काय बघायचं?"

आणि ती ते फोटो क्लासमध्ये दाखवत आली होती. हे आठवल्यावर रिक्षातच तिच्या कानशिलातून गरम वाफ गेली. पडद्यावर लाल घळई आली की ती सांगायची, वारा आणि पाणी दोघं मिळून कसे दगड कापतात, मऊ थर आधी झिजतो, कठीण थर मागं राहून ओठासारखा पुढं येतो, आणि शेवटी, अगदी सहज म्हणून, "हा माझ्या धाकट्या भावानं काढलेला आहे, तो तिकडं असतो." मुलं मान वर करून तिच्याकडं बघायची. त्या बघण्याची तिला सवय झाली होती. कोल्हापूरच्या बाहेर ती स्वतः फारशी कधी गेली नाही, पण भूगोल शिकवणाऱ्या बाईचा कुणीतरी सख्खा त्या भूगोलात हिंडतो आहे, ह्याचा तिला आधार होता. तिनं लग्न केलं नव्हतं. ते का, ह्याला एकच असं कारण नव्हतं. पण कुणी विचारलं की तिला अरिहंतचे फोटो आठवायचे, जणू काही आपल्या वाटणीचं हिंडणं तो करून ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपल्यावर तिनं सगळे फोटो पुन्हा उघडले. एकेक फोटो शोधयंत्रात टाकला की तो कुठला ते कळायला वेळ लागत नव्हता. पिळलेल्या भिंतींचा फोटो ॲरिझोनाचा. ज्यात नागमोडी पांढऱ्या रेषा होत्या तो यूटाचा. उंच काळपट कड्यांच्या मधून खडीचा रस्ता जातो तो ओमानचा. तळाशी वाळलेलं एकच झाड उभं असलेला नामिबियाचा. खरोखर जॉर्डनचे दोनच होते, आणि ते तर सगळ्या जगानं काढलेले. पहिल्या चार-पाच फोटोंपर्यंत तिच्या छातीत धडधडत होतं. नंतर ते थांबलं आणि निराळंच काही सुरू झालं. तिला लाज वाटली, पण ती थांबू शकली नाही. शोधयंत्राला विचारायच्या आधी आपणच ओळखायचं, असं ती करायला लागली. तिरपे थर दिसले म्हणजे इथं कधीकाळी वाळूच्या टेकड्या होत्या. दगडावरून काळ्या रेघा ओघळल्यात म्हणजे हजारो वर्षांत अधूनमधून पाणी झिरपलंय. सावली कुठल्या अंगाला पडलीय, तळाशी वाळू आहे की गोटे, झाड खुरटं आहे की छत्रीसारखं पसरलेलं. मग उपग्रहाच्या नकाशावर ती त्या घळईचं वरचं तोंड शोधायची आणि बोटानं आत उतरायची. वळणं घ्यायची. एका ठिकाणी भिंती इतक्या जवळ यायच्या की नकाशात नुसती काळी रेघ उरायची, आणि ती त्या रेघेत डोळे घालून बसायची. तिथं गारवा असेल. तिथं हाक मारली तर आपलीच हाक आपल्या आधी पुढं जात असेल. ह्या सगळ्या जागी कुणीतरी खरोखर जाऊन उभं राहिलं होतं. फक्त अरिहंत नव्हता. ज्या ज्या घळईत ती उतरली, तिथून तो वजा होत गेला. दिवसामागून दिवस दुपारी ती हे करत राहिली, आणि एकेक देश पुसला जाऊन शेवटी सबंध पृथ्वीवर भावाला ठेवायला तिच्यापाशी जागाच उरली नाही.

रविवारी नेहमीसारखा त्याचा फोन आला. फोटो नसला तरी फोन चुकत नसे, आणि तोही बोलण्यापुरताच, तोंड दिसणारा नाही. तिकडं नेट चालत नाही, असं तो म्हणायचा.

"अक्का, कशी हाईस?"

"बरी आहे. तू?"

"चाललंय की. माल जायचाय ह्या आठवड्यात, लय गर्दी."

"किती वाजले रे तिथं?"

"साडेसात. आमी अडीच तास मागं न्हवं का तुमच्या." तो इतक्या चटकन बोलला की तिला त्याची कीव आली. इतकी वर्षं तो दर रविवारी फोन करायच्या आधी मनात अडीच तास वजा करत असेल. मागं कुठं गाडीचा हॉर्न, कावळा, देवळातली घंटा काही ऐकू येतंय का म्हणून तिनं फोन कानाला दाबून धरला. एकदा कुकरची शिट्टी झाली. जॉर्डनमध्येही कुकर असतीलच, असं तिच्या मनात आलं, आणि आपण अजूनही त्याच्या बाजूनं पुरावे गोळा करतोय हे तिच्या ध्यानात आलं. विचारायचं म्हटलं तर एकच वाक्य होतं. अरिहंत, तू कुठं आहेस? ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. ते एकदा उच्चारलं की तो फोन ठेवेल, आणि मग पुढच्या रविवारी हा आवाजही येणार नाही. सगळं खोटं असलं तरी आवाज त्याचाच होता. ते खोटं सोडलं तर त्याला धरायला तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. "अक्का, हाईस का?" त्यानं विचारलं. "आहे," ती म्हणाली. "आईकडं देते."

आईचं बोलणं नेहमीचंच. जेवण, ऊन, अंगावर काही उठतंय का. मग ती म्हणाली, "दात कराय टाकल्यात बग. दिवाळीला आलास की फोटो काढू."



"बगतो आई. रजेचं अजून नक्की न्हाय."

"नसंल तर नसंल. दात काय पळून जात न्हाईत," आई म्हणाली, आणि हसली. बोळक्या तोंडाचं ते हसणं रोहिणीला बघवलं नाही.

एकच फोटो शोधयंत्राला सापडला नव्हता. तो त्यानं उन्हाळ्यात पाठवला होता, आणि एरवी खाली ओळ असे तशी ह्याच्या खाली नव्हती. तेव्हा तिला तो नीरस वाटला होता, क्लासमध्येही तिनं तो कधी दाखवला नाही. ऊन सरळ डोक्यावरचं, उजेडाचा पट्टा नाही, धूळ नाही. गुलाबीसर लाल दगडाच्या दोन उभ्या भिंती, मधून वर चढत गेलेली अरुंद वाट. थर आडवे, विटा रचाव्यात तसे. तिनं फोटो मोठा केला. वाटेवरचे दगड नुसते झिजलेले नव्हते, त्यांच्यावर छिन्नीच्या खुणा होत्या. पायऱ्या होत्या त्या. आणि उजव्या भिंतीच्या भेगेत एक झुडूप होतं. ती पानं तिनं पाहिली, पुन्हा पाहिली. सीताफळ. वाळवंटातलं, परदेशातलं कुठलंही झाड ओळखायला तिला पुस्तक लागलं असतं, पण ही पानं ओळखायला काहीच लागत नव्हतं. कबनूरच्या शेडमागं असल्याच झुडपाच्या आडोशाला ती दोघं लपाछपी खेळत. ह्या दगडालाही तिनं हात लावला होता. कॉलेजातल्या अभ्याससहलीला ती बदामीला गेली होती, आणि तळ्याच्या वरच्या अंगाला, किल्ल्याकडं चढणाऱ्या घळीत, दोन्ही हात पसरून दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात टेकवले होते. आमच्याकडं सगळा काळा दगड, बसाल्ट, आणि हा असा तापलेल्या मातीच्या भांड्यासारखा, हाताला वाळू लागणारा. तिथला एक लाल खडा तिनं अरिहंतसाठी आणला होता. तो तेव्हा शाळेत होता. त्यानं तो पाण्यात टाकून बघितला, विरघळतो का ते. जॉर्डन, ॲरिझोना, यूटा. आणि हा फोटो बसनं एका दिवसात जाता येईल इतका जवळ. तिला एकदम वाटलं, हा त्यानं चुकून पाठवलेला नाही. काही न लिहिता पाठवलाय तो आपल्यासाठी. अक्काला दगड ओळखता येतात हे त्याला माहीत आहे. उन्हाळ्यापासून तो वाट पाहत असेल, आणि आपण त्याला नीरस म्हणून बाजूला सारलं.

आईला तिनं सांगितलं, क्लासच्या कामानं बेळगावला जाते, उद्या येईन. शेजारच्या संयोगितावहिनींना रात्री आईपाशी झोपायला यायला सांगितलं. आई म्हणाली, "जा की. भाकरी बांधून घे." एवढंच. बेळगावला बस बदलून पुढं निघाल्यावर शेतांची माती काळीची तांबडी होत गेली, आणि दुपारच्या सुमाराला क्षितिजावर पहिला लाल दगड उठला. ह्या सबंध प्रवासात काय बोलायचं ते ती जुळवत होती, आणि बस थांबली की जुळवलेलं सगळं सांडत होतं. रागावायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. का असं केलंस हेही विचारायचं नाही. मुंबईत एजंटानं फसवलं असेल. विमानतळापर्यंत तरी गेला असेल का नसेल. चौकात तो फलक लागलेला, बस्तीत शाल पडलेली, मग परत कोणत्या तोंडानं यायचं? आधी आठ दिवस म्हणून कुठंतरी राहिला असेल, मग महिना, मग पहिला फोटो पाठवला असेल, आणि एकदा फोटो गेल्यावर मागं फिरायची वाट बंद. असं होतं. काही फार मोठं करावं लागत नाही माणसाला. स्टॅंडवर उतरल्यावर तिनं रिक्षावाल्याला उगीच विचारलं, इथं कापडाचं काम कुठं चालतं का? तो कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "हितं न्हाई. गुळेदगुड्डला जावा की. थोडंच लांब. घरोघरी माग हाय. खण करतेत." त्यानं हातानं दिशा दाखवली. त्या दिशेला नुसतं ऊन होतं आणि एका टेकडीची कड. मराठी बोलणारा, माग दुरुस्त करणारा कुणी आहे का, असं विचारत गल्लीबोळ फिरावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण त्याचा फोटो दाखवत दारोदार फिरणं म्हणजे तो हरवला आहे असं जाहीर करणं होतं, आणि तो तर हरवला नव्हता. दर रविवारी बोलत होता.

घळ तिला लगेच सापडली. पायऱ्या, छिन्नीच्या खुणा, विटांसारखे थर, उजवीकडच्या भेगेत सीताफळाचं झुडूप. त्याला आता हिरवी, लहान मुठीएवढी फळं धरली होती. फोटोत ज्या जागी उभं राहून त्यानं पाहिलं होतं, त्या जागी ती उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर त्याला दिसलेलंच चित्र आलं. इतक्या घळयांमधून तो वजा झाला होता, पण इथं तो नक्की येऊन गेला होता. ह्याच पायरीवर त्याची चप्पल टेकली असेल. तिनं भिंतीला तळवा लावला. दगड गरम होता. तळव्याला वाळूचे कण लागले, ते तिनं झटकले नाहीत. मग तिनं फोन काढला, समोरच्या घळीचा फोटो घेतला आणि 'घर'मध्ये न टाकता फक्त अरिहंतला पाठवला. खाली लिहिलं, 'मी इथं आहे. एकटीच आलेय. संध्याकाळपर्यंत थांबते.' दोन खुणा उमटल्या. थोड्या वेळानं त्या निळ्या झाल्या. वाचला त्यानं. ती खालच्या अंगाला, पायऱ्या जिथून सुरू होतात तिकडं तोंड करून उभी राहिली. येईल तो तिथूनच येईल.

ऑक्टोबरचं ऊन भिंतीवरून घसरत खाली आलं आणि घळीच्या तळाशी येऊन थांबलं. सहलीची पोरं आली, आरडून आपल्या आवाजाचा पडसाद ऐकून गेली. एक माकडीण पोटाला पिलू धरून पायरीवर बसली, रोहिणीच्या पर्सकडं बघत. रोहिणीनं पर्स छातीशी धरली. दर वेळी खाली पावलं वाजली की ती मान पुढं काढी, आणि दर वेळी दुसरंच कुणीतरी वर येई, तिच्याकडं बघे आणि बाजूनं निघून जाई. सावलीत बसावं असं तिला वाटलं, पण जागा सोडली तर आपण खालून दिसणार नाही अशी भीती होती. एकदा तिनं त्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुठंतरी तो ती वाजताना बघत असेल, असं तिला वाटलं, आणि तिनं तो कट केला, जणू त्याला त्रास द्यायला नको. 'नुसता भेट. काही बोलू नको,' असं तिनं लिहिलं, आणि पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. ही एवढी भूगोल शिकलेली बाई, दगडाचं वय सांगणारी, एका माणसाला दोनशे पावलं चालायला लावू शकत नव्हती. सावली वर चढत गेली तशा भिंती काळवंडल्या, पहारेकरी शिट्टी वाजवत आला आणि म्हणाला, "मॅडम, बंद." ती उतरली. खाली रिक्षापाशी उभं राहून तिनं मागं पाहिलं. नुसता डोंगर होता.

दात बसले त्या दिवशी आई आरशासमोरून हलेना. तोंड एकदम परक्या बाईचं झालं होतं, गाल भरलेले, ओठ पुढं आलेले. "बोलाय येतंय, पर हाक मारल्यागत वाटतंय," ती म्हणाली. बेळगावच्या कामाचं आईनं काही विचारलं नव्हतं, आणि रोहिणीनंही काही सांगितलं नव्हतं. मधल्या रविवारी अरिहंतचा फोन आला नाही. 'माल चाललाय, जमलं न्हाय' एवढं त्यानं 'घर'मध्ये लिहिलं, आणि रोहिणी ती अक्षरं दिवसभर वाचत राहिली, त्यांत आपल्यासाठी काही असेल म्हणून. त्याच दुपारी आई खिडकीशी, चष्मा लावून, नव्या दातांनी भिजवलेले शेंगदाणे चावायची सवय करत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. "आला बग फोटो," आई म्हणाली. रोहिणीनं आपला फोन उघडला.

लाल घळई होती. वरून काढलेली. भिंतींच्या काठावर कुठंतरी वाकून उभं राहून खाली बघितल्यासारखी. अर्ध्या घळीत ऊन, अर्ध्यात सावली, आणि अगदी तळाशी, उन्हात, मुंगीएवढी एक बाई. फिकट पिवळा ड्रेस, छातीशी धरलेली पर्स. तिचं तोंड दिसत नव्हतं, कारण ती खाली पायऱ्यांच्या दिशेनं बघत होती, आणि फोटो काढणारा तिच्या मागं, वर होता. खाली लिहिलं होतं, 'सुट्टीला गेलतो.'

रोहिणीचा हात फोनवरच राहिला. तो आला होता. तो दुसऱ्या कुठल्या वाटेनं तिथवर आला होता, आणि तिच्या पाठीकडं बघत उभा होता, किती वेळ कोण जाणे, आणि ती दुसरीकडं तोंड करून वाट पाहत होती. आईकडं बघायचं तिला धाडस होईना. आता आई विचारेल, कुठलं गं हे? आणि आपण काय सांगणार? जॉर्डन म्हणून सांगायचं तिनं मनाशी पक्कं केलं. आवाज नीट निघावा म्हणून आवंढाही गिळून ठेवला.

आईनं फोटो दोन बोटांनी मोठा केला होता. चष्मा वर ढकलून, फोन अगदी नाकाशी धरून ती बघत होती. मग तिनं तोंडापाशी फोन नेला, बटण दाबून धरलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, दात सांभाळत, बोलली, "पोचला रं फोटो. चांगला आलाय. जेवून घे येळंवर." बटण सोडलं. फोन पदराच्या घडीवर ठेवला आणि शेंगदाण्यांची वाटी पुढं ओढली.

"एवढा येळ उन्हात कशाला उभारलीस गं?" ती म्हणाली.

आई उत्तरासाठी थांबली नव्हती. ती एक दाणा बोटांत धरून खिडकीबाहेर बघत होती.

"आणि तो वर उभारला हुता, तिथं तरी सावली हुती का?"

रोहिणीला ते माहीत नव्हतं. तिनं वर पाहिलंच नव्हतं.